हो, नको आणि माहीत नाही

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा पहिला मजला माणसांनी गच्च भरला होता. जिन्यात चपलांचा ढीग पडला होता आणि उशिरा आलेले लोक दारातच टाचा उंचावून उभे होते. आत प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या चिमटीत एक काळा दोरा होता आणि दोऱ्याच्या टोकाला अंगठ्याच्या पेराएवढा पितळी लोलक. कुणीही हात हलवत नव्हतं, आणि तरीही एकूण एक लोलक हलत होता. काही पुढेमागे, काही गोल. एका म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझ्या शेजारी माझी थोरली बहीण बसली होती आणि तिचा लोलक सगळ्यांत जोरात फिरत होता.

"बघ," ताई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मी काही करत नाहीये. तुझी शपथ."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलत असती तर माझं काम किती सोपं झालं असतं.

समोरच्या उंच खुर्चीवर अचलगुरू बसले होते. हा गृहस्थ काही वर्षांपूर्वी दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत फिरायचा. तेव्हा तो अचल वगैरे नव्हता, उलट एका पत्त्यावर त्याला फार दिवस टिकता येत नसे. आता पांढरेशुभ्र कपडे आले होते, आवाज तूप लावल्यासारखा मऊ झाला होता आणि बोलणं मात्र तेच राहिलं होतं, विक्रेत्याचं.

"काल विज्ञान म्हणालं, अंडं खाऊ नका," गुरू म्हणाले. "आज म्हणतं, खा. काल म्हणालं, ग्रह नऊ. आज म्हणतं, आठ. एक ग्रह काय भंगारात विकला?"

सभा खळखळून हसली.

"घरात एखादा माणूस रोज शब्द फिरवायला लागला तर आपण त्याला काय म्हणतो?"

"खोटारडा," सभा म्हणाली.

"मी नाही म्हटलं, तुम्ही म्हटलंत. मी कुणाला औषध बंद करा असंही कधी सांगत नाही. मी कोण सांगणारा? तुमच्या हातात लोलक आहे. विश्वातली ऊर्जा तुमच्या हातातून त्याच्यात उतरते. औषधावर धरा आणि विचारा. पुढेमागे हलला तर हो, गोल फिरला तर नको. सत्य एकदा सांगायचं असतं, दर वर्षी दुरुस्त करायचं नसतं."

माणूस हुशार होता. स्वतःच्या तोंडानं काही म्हणायचंच नाही, म्हणजे उद्या कुणी जाब विचारायला नको.

मला राहवलं नाही. मी उठून म्हणालो, "लोलकाला खरंच कळत असेल तर पाहून घेऊ. सारख्या दिसणाऱ्या बंद डब्यांत औषधं ठेवू. कुठल्या डबीत काय आहे ते धरणाऱ्याला माहीत नको."

गुरूंनी मला प्रेमानं न्याहाळलं. "आपण काय करता?"

"वजनकाटे तपासतो. दुकानातले, दवाखान्यातले, सोनाराकडचे."

"वा. मग आपल्याकडचं एक किलोचं वजन बरोब्बर एक किलोच असेल?"

इथे मी 'हो' म्हणायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता. पण या धंद्यात केस पिकले की जीभ वळत नाही. माझी वजनं दर वर्षी माझ्यापेक्षा चांगल्या वजनांशी ताडून पाहिली जातात, ती त्याहून चांगल्या वजनांशी. प्रत्येकात किंचित फरक असतो, आणि तो किती हे माहीत असणं यालाच आम्ही काम म्हणतो.

"जवळजवळ," मी म्हणालो.

"जवळजवळ," गुरू सभेकडे वळून हळूच म्हणाले. "ऐकलंत? हे माझी परीक्षा घेणार."

हशाचा असा लोट उठला की मला खाली बसावं लागलं. ताईनं मान खाली घातली होती. तिला माझी लाज वाटत होती.

आता ताई इथवर कशी आली ते सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची एक झडप बदलून कृत्रिम झडप बसवली. तशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर संपलंच. म्हणून रक्त पातळ ठेवणारी एक छोटीशी गोळी रोज घ्यायची, कायमची. दर महिन्याला रक्त तपासायचं आणि त्याप्रमाणे गोळीचं प्रमाण कमीजास्त करायचं. ताईनं हे सगळं मुकाट्यानं केलं. तिला पालेभाजी जीव की प्राण होती. पण पाल्यात गोळीचं काम बिघडवणारं काहीतरी असतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तेव्हा सांगितलं, पालेभाजी बंद. तीही तिनं सोडली. भाऊजींसाठी पालक शिजवायची आणि स्वतः बटाटा खायची.

भाऊजी शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. शिलाईयंत्राच्या आवाजात त्यांचा सगळा संसार झाला. ताई काजं करायची, बटणं लावायची. सुई टोचली की रक्त लवकर थांबायचं नाही, नुसता धक्का लागला तरी अंगावर निळे डाग उठायचे. यावरही ती कधी काही बोलली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "पालेभाजी खायला हरकत नाही बरं का. रोज साधारण सारखीच खा, एकदम जास्त नको, एकदम बंद नको. गोळीचं प्रमाण आपण त्यावर बसवू. उलट मुळीच न खाणाऱ्यांच्याच तपासणीचे आकडे जास्त वरखाली होतात असं आता दिसतंय."

ताईनं हातातला तपासणीचा कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "मग इतकी वर्षं?"

"तेव्हा आम्हाला तसं वाटत होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता जास्त कळलंय."

मला हे उत्तर फार आवडलं. चूक झाली, ती मोजली, कबूल केली. माझ्या धंद्यात याहून चांगला माणूस सापडायचा नाही. पण मी ताईच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. तिच्या ताटातून काढून घेतलेली इतकी वर्षं एका वाक्यात परत केली होती, आणि ती कुणालाच परत घेता येत नव्हती. पुढच्याच महिन्यात शेजारीण तिला लोलकाकडे घेऊन गेली.

सभेतून परतल्यावर मी चंग बांधला. चार काडेपेट्या रिकाम्या केल्या. भाऊजींना म्हटलं, तुम्ही दुकानात जा, एकीत ताईची गोळी ठेवा, बाकीच्यांत शर्टाची बटणं, आणि पेट्यांची अदलाबदल करा. मला पण सांगू नका. ताई आनंदानं तयार झाली. तिला खात्रीच होती.

आधी उघड्या गोळीवर धरला. गरागरा फिरला. नको. उघड्या बटणावर धरला, पुढेमागे. मग पेट्या मांडल्या. पहिल्याच फटक्याला लोलकानं बरोबर पेटी दाखवली. ताईनं माझ्याकडे पाहिलं, भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुन्हा. दुसऱ्या खेपेला चुकला. तिसऱ्या खेपेला चुकला. मग पुन्हा कधी बरोबर, बरेचदा चूक. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी एवढंच जमलं असतं.

"गोळी दिसते तेव्हा बरोबर चालतो, झाकली की चाचपडतो," मी म्हणालो. "म्हणजे बघणारा कोण? लोलकाला डोळे नाहीत ताई. डोळे तुझे आहेत. तुझ्या बोटांना नकळत इतका बारीक हेलकावा बसतो की तुला जाणवतही नाही. दोरा लांब असला की तोच खाली मोठा होऊन दिसतो. काट्यापुढे मी श्वाससुद्धा बेतानं घेतो तो याचसाठी."

मी लोलक काढून दाराच्या खिळ्याला अडकवला आणि खाली गोळी धरली. तो सरळ लटकत राहिला.

"खिळ्यात जीव नाही," ताई शांतपणे म्हणाली. "जिवंत हात लागतो. ऊर्जा हातातून उतरते."

"आणि पेट्यांच्या वेळी चुकला तो?"

"आज माझं मन स्थिर नव्हतं. तू समोर बसला होतास ना, परीक्षा घ्यायला." मग तिनं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तुमच्या डॉक्टरीणबाई चुकल्या की ते नवं संशोधन. माझा लोलक चुकला की थोतांड. असं का रे?"

मला उत्तर माहीत होतं. पालेभाजीची चूक डॉक्टरांनीच शोधली, शेकडो रोग्यांची नोंद ठेवून, स्वतःच्याच विरुद्ध. लोलकाच्या चुका कोण मोजतं? चुकला की मन स्थिर नव्हतं, नाहीतर शेजारचा माणूस वाईट होता. जो कधीच चुकू शकत नाही त्याला दुरुस्त तरी कसं करायचं? खुद्द किलोची व्याख्या काही वर्षांपूर्वी जगभर बदलली, म्हणून कुणाच्या पिशवीतलं धान्य कमी झालं नाही. बदललं ते आणखी बिनचूक व्हायला. हे सगळं मी बोललो. बहुतेक जरा जास्तच बोललो. ताई बटणं परत डब्यात भरत होती.

शेवटी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत मनात एकच धावा होता, बाईंनी आज तरी ठणकावून सांगावं.

"झडप कृत्रिम आहे, गोळी सोडायची नाही," बाई म्हणाल्या. "हे बदललेलं नाही."

"सोडली तर गुठळी नक्की होईल?" ताईनं विचारलं.

"धोका फार मोठा आहे."

"नक्की होईल का?"

बाईंनी चष्मा काढला. "नक्की, आणि कधी, असं कुणालाच सांगता येत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर एक दिवसही सोडली नसती."

"म्हणजे न होणंही शक्य आहे."

"शक्य आहे," बाई म्हणाल्या, कारण ते खरं होतं.

ताईला बाहेर बसवून मी परत आत गेलो आणि जवळजवळ हात जोडले. म्हटलं, नक्की होईल असं म्हणायला तुमचं काय जात होतं? बाई म्हणाल्या, "आज खोटं ठणकावलं असतं आणि सहा महिने काही झालं नसतं, तर सातव्या महिन्यात माझं खरंही तिनं ऐकलं नसतं." मग मी विचारलं, गोळी कुटून चहातून देऊ का? त्या ताडकन म्हणाल्या, "मुळीच नाही. रक्त न तपासता दिलीत तर आतल्या आत रक्तस्राव होईल. लपवून देण्यासारखं ते औषधच नाही."

त्यांचं म्हणणं दोन्ही वेळा बरोबर होतं. बरोबर असण्याचा मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

गोळी बंद झाली. आणि खरी पंचाईत पुढे झाली, ताईला बरं वाटायला लागलं. अंगावरचे निळे डाग गेले. सुई टोचली तर रक्त लगेच थांबायला लागलं. दर महिन्याला सुई टोचून घेणं संपलं. ती पालेभाजी खायची, गाणं गुणगुणत काजं करायची. आठवडे गेले, महिने गेले. मी गेलो की हसून म्हणायची, "बघ, आहे ना मी?" सभेत तिला पुढे बसवून गुरू तिच्याकडे बोट दाखवायचे. मी भाऊजींना बाजूला घेऊन समजवायचो, ते कापडावर खडूनं रेघ मारता मारता म्हणायचे, "अहो, तिला इतकी खूश मी कधी पाहिली नाही. मी काय बोलू?" दर वेळी घरी परतताना मनात यायचं की आपलंच चुकत असेल तर किती बरं होईल.

एका सकाळी भाऊजींचा फोन आला. ताई दुकानात कप घेऊन आली, कप हातातून पडला, आणि "काय झालं" या प्रश्नाला तिनं जे उत्तर दिलं त्यात एकही शब्द नव्हता.

गुठळी मेंदूच्या डाव्या भागात गेली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. इस्पितळात तिच्या खोलीत गेलो तेव्हा ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. मला पाहून तोंड उघडलं, आवाज आला, शब्द आला नाही. मी तिचा उजवा हात हातात घेतला. तो ऊबदार होता आणि मनगटाशी नाडी अगदी नीट लागत होती.

दोन दिवसांनी भाऊजी म्हणाले, "डॉक्टर पुन्हा रक्त पातळ करायचं औषध सुरू करायचं म्हणतायत. तिला विचारल्याशिवाय कसं द्यायचं?" आणि त्यांनी खिशातून लोलक काढला.

मी त्यांना अडवायला हवं होतं, पण अडवलं नाही. त्यांनी शिंप्याच्या सफाईनं दोऱ्याची गाठ ताईच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना मारली, कोपराखाली उशी सरकवली आणि हात पलंगाच्या कडेबाहेर आणला. खाली स्वतःच्या तळहातावर औषध धरलं. "सांग," ते म्हणाले. "देऊ का?"

लोलक सरळ लटकत राहिला. पुढे नाही, मागे नाही, गोल नाही. ताईची छाती वरखाली होत होती, हातात रक्त खेळत होतं, हात जिवंत होता. फक्त मेंदूकडून बोटांपर्यंत येणारी वाट तुटली होती. भाऊजींनी बराच वेळ वाट पाहिली. मग गाठ सोडली, लोलक स्वतःच्या हातात धरला आणि अगदी हळू विचारलं, "ही पुन्हा बोलेल का?"

लोलक पुढेमागे झुलायला लागला. हो.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. सांगायला काही उरलंच नव्हतं, तिचा हात आणि त्यांचा, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

"म्हणजे हे मीच म्हणतोय," ते म्हणाले. त्यांनी लोलक मुठीत मिटला. "मग गोळ्या नको, असं तेव्हा... तीच म्हणत होती?"

तीच म्हणत होती. गुपित म्हणावं तर एवढंच. विश्वातली ऊर्जा वगैरे काही नाही. इतक्या वर्षांच्या सुया, डाग आणि बटाट्याच्या भाजीला एक बाई कंटाळली होती आणि ते तोंडानं म्हणायची तिला चोरी होती. तिच्या बोटांनी ते दोऱ्याला सांगितलं, आणि ज्यानं दोरा दिला त्यानं तिला पटवलं की हे उत्तर वरून आलंय. मी इतका काट्यातला तज्ज्ञ, लोलक का हलतो ते तिला फोड करून सांगितलं. तो 'नको' असंच का म्हणतो, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही.

गुरूंच्या सभा चालू आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी सांगितलं म्हणे, की ताईच्या शरीरात वर्षानुवर्षं साठलेलं गोळ्यांचं विष शेवटी मेंदूत चढलं. सभेनं माना डोलावल्या. मी पोलिसांत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, त्यांनी औषध बंद करा असं कधी म्हटलं होतं का? मी म्हणालो, नाही. साहेबांनी हात पसरले.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ताई पुन्हा बोलेल का? त्या म्हणाल्या, "माहीत नाही. काहींची वाचा येते, थोडी किंवा बरीच. काहींची येत नाही. रोज सराव करून घेऊ, दर आठवड्याला पाहू, उपयोग होत नसेल तर पद्धत बदलू." भाऊजी माझ्या शेजारी उभे होते. लोलकानं 'हो' म्हटलं होतं आणि इतकं शिकलेल्या बाई 'माहीत नाही' म्हणत होत्या. कुठलं उत्तर घट्ट धरून ठेवावंसं वाटतं हे काय सांगायचं? मलाही तेच वाटत होतं.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणी छातीठोक उत्तर दिलं की त्याला आणखी एक प्रश्न विचारा: तुम्ही चुकत असाल तर ते आम्हाला कशावरून कळेल? त्याच्याकडे याचं उत्तर नसेल तर तिथून उठा. ज्याच्याकडे असेल त्याचं ऐका, मग पुढच्या वर्षी त्यानं मत बदललं तरी चालेल. 'माहीत नाही' म्हणणाऱ्या माणसावर रागावू नका, त्यानं तुमच्याशी लबाडी केलेली नाही. आणि घरात कुणी वर्षानुवर्षं मुकाट्यानं औषध घेत असेल, तर कंटाळलीस का म्हणून तिला एकदा जवळ बसून विचारा. मी आता ताईला रोज विचारतो. ती माझ्याकडे बघते, ओठ हलवते, आणि ती काय म्हणतेय ते मला कळत नाही.